ढासळत्या गिरणगावातील स्वप्ने आणि सोबत : गावाची खोली, खाणावळ आणि १९८२ चा संप

प्रस्तावना

मुंबईतील गिरणी कामगारांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा दोन ठिकाणी स्थिरावते. एक गिरणीचे फाटक आणि दुसरे युनियनचे कार्यालय. मजुरीचे दर, कामाचे तास, संपांच्या तारखा, नेत्यांची भाषणे आणि चौकशी समित्यांचे अहवाल ही सारी साधने या दोन ठिकाणी विपुल सापडतात. साहजिकच इतिहासही तेथूनच लिहिला जातो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाच्या बाबतीत तर हे विशेष जाणवते. डॉ. दत्ता सामंत यांचे नेतृत्व, गिरणीमालकांचा हटवाद, राष्ट्रीय मिल मजदूर संघाची कायदेशीर मान्यता आणि शासनाची भूमिका या चौकटीत हा संप मांडला जातो आणि त्याचा निकाल 'पराभव' या एका शब्दात दिला जातो.

हा निकाल चुकीचा आहे असे म्हणण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. तथापि, या मांडणीत एक साधा प्रश्न अनुत्तरित राहतो. सुमारे साठ गिरण्यांतील जवळपास अडीच लाख कामगार एका पगाराशिवाय वर्ष-दीड वर्ष जगले कसे? संघटनेजवळ एवढ्या लोकांना पोसण्याइतका निधी नव्हता. महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घरात शिल्लक ती किती असणार? तरीही संप पहिल्या महिन्यात मोडला नाही, सहाव्या महिन्यातही मोडला नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधू लागल्यावर फाटक आणि कार्यालय सोडून आपल्याला चाळीच्या जिन्याने वर जावे लागते. तेथे गावकऱ्यांची खोली आहे आणि तिच्या शेजारी खाणावळ आहे. कामगारांना इतका काळ तगवून धरणारे बळ या दोन व्यवस्थांतून आले आणि पुढे त्यांच्या पराभवाचा गाजावाजा न होता तो विरून गेला, त्याचेही कारण बऱ्याच अंशी याच व्यवस्थांत आहे, असे या लेखात मांडावयाचे आहे.

मुंबईला येणारा माणूस

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाली. त्यानंतरच्या अर्धशतकात भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, वरळी हा सारा पट्टा गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेला. या गिरण्यांत काम करणारा माणूस प्रामुख्याने जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून आणि साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंतच्या घाटावरच्या गावांतून आला. कोकणातील तुटपुंजी शेती, खोतांचा जाच, घाटावरील कर्ज आणि दुष्काळ ही कारणे परिचित आहेत. त्यांची पुनरुक्ती येथे करीत नाही.

महत्त्वाची बाब अशी की, हा माणूस गाव सोडून आला, परंतु गावाशी संबंध तोडून आला नाही. बायको-मुले, म्हातारे आईवडील, जमिनीचा तुकडा आणि कुळदैवत गावीच राहिले. गणपतीला, शिमग्याला आणि पेरणीला तो परत जात असे. साहेबी अहवालांतून याचा अर्थ असा लावला गेला की, हा अर्धवट कामगार आहे. त्याचे मन शेतात आहे, म्हणून तो गिरणीत नियमित येत नाही. मॉरिस डी. मॉरिस यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या समजाला धक्का दिला. गिरण्यांना मजुरांची टंचाई फारशी कधी भासलीच नाही, असे त्यांनी दाखविले. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ मधील आपल्या ग्रंथात त्यापुढे जाऊन सांगितले की, गावाशी असलेला संबंध हा मागासलेपणाचा अवशेष नसून शहरातील अनिश्चित रोजगाराला कामगारांनी शोधलेले शहाणपणाचे उत्तर होते. गिरणी कधी कामावर घेईल आणि कधी काढून टाकील याचा भरवसा नसताना पाय ठेवायला दुसरी जागा असणे आवश्यक होते.

१८९६-९७ च्या प्लेगने हे सर्वप्रथम मोठ्या प्रमाणावर दाखवून दिले. माणसे लाखोंच्या संख्येने शहर सोडून निघून गेली. उरलेल्या मजुरांना गिरणीमालकांनी नाक्यानाक्यावर बोली लावून, रोजच्या रोज पैसे देऊन कामावर नेल्याच्या नोंदी आहेत. काही महिन्यांपुरते का होईना, मजुराच्या शब्दाला किंमत आली. ती आली कारण त्याला परत जायला गाव होते. पुढे १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपातही असंख्य कामगार गावी गेले आणि त्यांच्या मुंबईत नसण्याने संपाला बळच मिळाले. उपाशी माणूस फाटकासमोर उभा असेल तर त्याला आत ओढून नेणे सोपे असते. तो सावंतवाडीला नाहीतर पाटणला असेल तर अवघड.

या माणसाचे स्वप्न काय होते? ते फार मोठे नव्हते, आणि म्हणूनच इतिहासात त्याची नोंद कमी आहे. पहिले स्वप्न 'पर्मनंट' होण्याचे. बदली कामगार पाळीच्या वेळी फाटकावर जाऊन उभा राहत असे. कोणी गैरहजर असल्यास त्याला काम मिळे, नसल्यास तो परत फिरे. वर्षानुवर्षे बदलीचे कार्ड खिशात घेऊन फिरणारे लोक होते. काम मिळणे न मिळणे पूर्वी जॉबरच्या आणि पुढे अन्य कोणाच्या मर्जीवर असे. दुसरे स्वप्न गावी घरावर कौले चढविण्याचे. तिसरे, मुलाला साचेखात्याची पायरी चढावी लागू नये याचे. गिरणगावातील रात्रशाळा, सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे वर्ग आणि महापालिकेच्या शाळा यांतून या तिसऱ्या स्वप्नाचा माग काढता येतो. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने रस्त्यावर सापडलेले मूल घरी आणले, त्याला आपले नाव दिले आणि शाळेत घातले. ते मूल म्हणजे कवी नारायण सुर्वे. महापालिकेच्या शाळेत शिपाई आणि मग शिक्षक, असा त्यांचा प्रवास झाला. हे उदाहरण अपवादात्मक आहे खरे. पण अपवाद कवी होण्याचा आहे. दुसऱ्याच्या मुलाला आपल्या दहा फुटी खोलीत सामावून घेण्याची कृती मात्र त्या वस्तीला परकी नव्हती.

गावाची खोली

कोकणातील आणि घाटावरील अनेक गावांनी मुंबईत आपली खोली केली होती. कोठे ती ग्रामस्थ मंडळाच्या नावावर असे, कोठे एखाद्या जुन्या गावकऱ्याच्या. दहा-बारा फुटांच्या खोलीत वीस-पंचवीस किंवा त्याहूनही अधिक पुरुष राहत. हे शक्य होई ते पाळ्यांमुळे. दिवसपाळीचा माणूस कामावर गेला की रातपाळीचा त्याच जागेवर आडवा होई. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीला एक खुंटी. उन्हाळ्यात गॅलरी आणि रस्ता हेही खोलीचाच भाग होत. गोव्यातून मुंबईस येणाऱ्या ख्रिस्ती दर्यावर्द्यांनी आणि नोकरदारांनी धोबी तलावाच्या परिसरात आपापल्या गावांच्या नावाने जे 'कूड' उभारले, त्यांची रचना याच जातीची होती; दोहोंचा तौलनिक अभ्यास कोणीतरी अवश्य करावा.

या खोलीचे कार्य केवळ निवाऱ्याचे नव्हते. नवा मुलगा गावाहून आला की त्याला पहिले काही महिने भाडे मागितले जात नसे. त्याला गिरणीत 'लावून' देण्याची जबाबदारी खोलीतील जाणत्यांची. आजारपण, गावी मनिऑर्डर, मृताचे दहन, त्याच्या विधवेकडे पैसे पोहोचविणे, गावच्या देवळाची वर्गणी, शाळेची इमारत या सगळ्यांचा हिशेब येथेच होई. भजनी मंडळ, नमन-खेळे, जाखडी, दशावतार येथूनच उभे राहिले. कामगार कल्याण केंद्रांच्या नाट्यस्पर्धांत उतरणाऱ्या कितीतरी संघांची तालीम अशाच खोल्यांच्या गच्चीवर झाली असेल. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा त्याला जो श्रोता मिळाला तो लोककलेचा जाणता होता. गावातले गाणे त्याच्या कानात ताजे होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहिरांच्या सभांना लोटणारी गर्दी याच खोल्यांतून उतरत असे.

येथपर्यंतचे वर्णन वाचून कोणासही गिरणगाव म्हणजे बंधुभावाचे तीर्थ वाटू लागेल. तसे ते नव्हते आणि इतिहासकाराने ते तसे रंगवू नये. गावाची खोली म्हणजे गावाचीच प्रतिकृती होती. गावात जी शीव होती ती मुंबईतही आली. खोली गावाची म्हटली तरी ती व्यवहारात बहुधा एका जातीची असे. गिरणीतही साचेखात्यात, म्हणजे जेथे पगार तुलनेने बरा होता तेथे, अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. कारण सांगितले जाई ते असे : धोट्यात कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याला चालत नसे. त्यामुळे दलित कामगार कमी पगाराच्या त्रासन खात्यात अडकून राहिले. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे विचारला. कामगार एक आहेत, मग साचा सर्वांना खुला का नाही? या प्रश्नाला त्या वेळच्या कामगार पुढाऱ्यांजवळ समाधानकारक उत्तर नव्हते. गिरणगावातील एकजुटीचे मूल्यमापन करताना हा प्रश्न तळटीपेत टाकण्याची सोय आपल्याला नाही. मालकाविरुद्ध खांद्याला खांदा लावणारी माणसे संध्याकाळी वेगवेगळ्या नळांवर पाणी भरीत होती.

खाणावळ

गावाच्या खोलीतील पुरुष जेवत कोठे, हा प्रश्न विचारला की एक संपूर्ण वेगळा इतिहास उघडतो. ज्यांच्या बायका गावी आहेत अशा हजारो पुरुषांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या स्त्रिया गिरणगावात जागोजागी होत्या. स्वतःच्या दहा फुटी खोलीत, चुलीवर किंवा स्टोव्हवर, दहा-पंधरापासून पुढे कितीही माणसांचा स्वयंपाक त्या करीत. पाळीच्या वेळा सांभाळून डबे भरीत. पहाटेच्या भोंग्यापूर्वी चूल पेटे आणि रातपाळीचा शेवटचा माणूस जेवून गेला की विझे.

या स्त्रिया खाणावळीकडे का वळल्या हे समजण्यासाठी गिरणीतील स्त्रियांचा इतिहास पाहावा लागतो. १९२० च्या दशकात गिरण्यांतील सुमारे एक पंचमांश कामगार स्त्रिया होत्या, मुख्यतः वाइंडिंग आणि रीळ खात्यांत. पुढे स्त्रियांना रात्रपाळीची कायद्याने मनाई, १९२९ चा मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा आणि यांत्रिक सुधारणांच्या नावाखाली झालेली काटछाट या कारणांनी मालकांना स्त्रिया 'महाग' आणि गैरसोयीच्या वाटू लागल्या. त्यांची संख्या घटत गेली आणि १९८० पर्यंत ती नगण्य झाली. युनियननी याला नेटाने विरोध केला असे दिसत नाही. पुरुषाच्या पगारात कुटुंब चालावे, ही कल्पना त्यांनाही मान्य होती. अशा रीतीने गिरणीच्या आतून बाहेर पडलेली बाई गिरणीच्या बाहेर राहून गिरणीसाठीच राबू लागली. गिरणी ज्या मजुरीवर माणूस राबवीत होती, त्या मजुरीत तो जगू शकला तो या स्वस्त जेवणामुळे. मालकाच्या नफ्यात खाणावळवाल्या मावशीचा वाटा होता. तो कोणत्याही ताळेबंदात आला नाही.

खाणावळीचे अर्थकारण उधारीवर उभे होते. कामगार जेवणाचे पैसे महिन्याच्या पगाराला देई. तोवर मावशीने वाण्याकडून उधारीने माल आणावयाचा. वाण्याने थांबण्याचे नाकारले तर पठाणाकडून किंवा सावकाराकडून जबर व्याजाने कर्ज, नाहीतर अंगावरचे डोरले गहाण. म्हणजे पगार चुकला तर त्याचा पहिला फटका कामगाराच्या आधी खाणावळवालीला बसे. १९७४ मध्ये ४२ दिवसांचा संप झाला, त्या काळात या स्त्रियांनी उधारीवर माणसे जेवू घातली. गिरणगावात कामगार चळवळीत वावरलेल्या प्रेमाताई पुरव यांनी हे जवळून पाहिले. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. सावकाराच्या जागी राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज या स्त्रियांना मिळवून देणे हे त्याचे पहिले काम. ज्यांच्याजवळ तारण ठेवण्यासारखे काही नव्हते, अशा स्त्रियांनी एकमेकींची हमी घ्यावयाची, ही त्यातील मूळ कल्पना. हमी हा शब्द बँकेचा. त्याचा आशय त्या चाळीत आधीपासूनच होता.

ढासळण्याची प्रक्रिया

१९८२ च्या संपाने गिरण्या बुडाल्या, असे आजही सर्रास बोलले जाते. वस्तुस्थिती अशी की, ढासळणे बरेच आधी सुरू झाले होते. अनेक मालकांनी दुसऱ्या महायुद्धातील आणि त्यानंतरच्या काळातील नफा यंत्रसामग्रीत परत गुंतविला नाही. साचे जुने झाले. दुसरीकडे भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांवर, कामगार कायद्यांच्या कक्षेबाहेर, अल्प मजुरीत कापड निघू लागले. गिरणीमालकांपैकी काहींनी स्वतःच यंत्रमागांवरून कापड विणून घेऊन त्यावर आपला शिक्का मारला. आजारी गिरण्या चालविण्यासाठी १९६८ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ स्थापन करावे लागले, यातच सारे आले.

याच काळात प्रतिनिधित्वाचा मार्गही कुंठित झाला होता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका विभागातील एका उद्योगात एकाच संघटनेला वाटाघाटीचा अधिकार होता. कापड गिरण्यांत तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगारांचे मन दुसरीकडे गेले तरी कायद्याच्या लेखी त्यांचा आवाज तोच राहिला. १९५० मध्ये समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनससाठी ६३ दिवसांचा संप लढविला, तोही या भिंतीवर आपटला. १९७० च्या जूनमध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत ती जागा शिवसेनेने जिंकली. लाल बावट्याच्या बालेकिल्ल्याला गेलेला तडा त्या निकालाने सर्वांना दिसला.

अशा स्थितीत १९८१ च्या दिवाळीत बोनसच्या प्रश्नावरून असंतोष उफाळला. काही गिरण्यांतील कामगार आपण होऊन डॉ. सामंतांकडे गेले. अन्य उद्योगांत त्यांनी मिळवून दिलेली पगारवाढ कामगारांना ठाऊक होती. त्यांच्या मागण्यांत पगारवाढ होती, बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती आणि औद्योगिक संबंध कायदा रद्द करण्याचीही होती. या तीन मागण्या एकत्र वाचल्या तर वर उल्लेखिलेले स्वप्नच त्यात दिसते : पुरेसे पैसे, उद्याचा भरवसा आणि आपले म्हणणे आपणच निवडलेल्या माणसाने मांडावे हा अधिकार. कोसळत चाललेल्या उद्योगात अशा मागण्या करणे अव्यवहार्य होते, ही टीका तेव्हाही झाली, आताही होते. पण उद्योग कोसळतो आहे हे मालकाने कामगाराला कधी सांगितले होते? हिशेबाची वही कामगाराला दाखविली गेली नव्हती. वर्षानुवर्षे फाटकावर ताटकळणाऱ्या बदलीवाल्याने हिशेब मांडला तो आपल्या वयाचा.

संप, गाव आणि उधारी

संपाच्या पहिल्या काही आठवड्यांत खोल्या रिकाम्या होऊ लागल्या. माणसे एस. टी. ने आणि रेल्वेने गावी गेली. जमीन असलेल्यांनी शेतीत हात घातला, नसलेल्यांनी मोलमजुरी केली. मुंबईत कुटुंब असलेल्यांची स्थिती अधिक बिकट होती. कोणी भाजीची पाटी घेतली, कोणी बांधकामावर गेला, कोणी हमाली केली. अनेक घरांत बाई प्रथमच धुण्याभांड्यांच्या कामाला बाहेर पडली. अन्य कारखान्यांतील कामगारांनी वर्गणी दिली, धान्य वाटले गेले. लाल निशाण पक्षासारख्या गटांनी संपाचा प्रश्न ग्रामीण भागात नेण्याचा प्रयत्न केला. ह्यूब व्हॅन वेर्श यांचा १९९२ चा ग्रंथ आणि नीरा आडारकर व मीना मेनन यांनी संकलित केलेला, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला मौखिक इतिहास यांतून या काळाचे तपशीलवार चित्र मिळते. व्हॅन वेर्श यांच्या ग्रंथातून आकडे आणि क्रम कळतो. दुसऱ्यात माणसे बोलतात. दोन्ही जवळ ठेवल्याशिवाय १९८२ शिकवू नये, असे माझे मत आहे.

गावाने कामगाराला तगविले हे खरे. परंतु येथेच प्रस्तुत लेखातील मुख्य मुद्दा येतो. १८९७ मध्ये किंवा १९२८ मध्ये कामगार गावी गेला तेव्हा गिरणीला तो परत हवा होता. त्याच्या गैरहजेरीला किंमत होती, कारण साचे बंद राहणे मालकाला परवडत नव्हते. १९८२ मध्ये हे समीकरण उलटले होते. अनेक मालकांचा साठा पडून होता, यंत्रमाग कापड पुरवीत होते आणि गिरणीखालच्या जमिनीचे मोल गिरणीतील कापडाहून वाढू लागले होते. कामगार जितका लांब राहील तितके मालकाचे बरेच होते. शतकभर जे शस्त्र कामी आले, ते या वेळी हातातच बोथट झाले. शस्त्र बदलले नव्हते, समोरचा बदलला होता.

दुसरे असे की, गावी गेलेला माणूस दिसेनासा होतो. लाखभर कामगार एका शहरात, एका वेळी, डोळ्यांदेखत बेकार झाले असते तर त्याचे पडसाद शासनाला टाळता आले नसते. येथे ते एकेक करून खेड, चिपळूण, कणकवली, कराड, शिराळा अशा तालुक्यांत विखुरले. प्रत्येक गावात चार-पाच घरे खचली. त्याची बातमी झाली नाही. १९८३ च्या मध्यापर्यंत संप विरला. तो औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. त्याच वर्षी केंद्र सरकारने १३ गिरण्या ताब्यात घेतल्या. सुमारे लाखभर कामगारांना पुन्हा काम मिळाले नाही.

आणि खाणावळ? संप सुरू झाला तेव्हा आधीच्या महिन्याची उधारी वहीत होती. पुढील काही महिने मुंबईत राहिलेल्यांना मावश्यांनी जेवू घातले. तेही वहीत चढले. मग माणसे गावी गेली. ज्यांना मागावयाचे ते समोर नव्हते आणि समोर असते तरी त्यांच्याजवळ नव्हते. वाण्याचे देणे मात्र बाईच्या नावावर राहिले. अन्नपूर्णा मंडळाच्या सभासदांना बँक कर्जाचा आणि एकमेकींचा आधार होता, आणि मंडळाने पुढे कार्यालयांना डबे पुरविण्यासारख्या कामांत पाय रोवले. मंडळाबाहेरच्या स्त्रियांची संख्या किती तरी मोठी होती. संपाचा खर्च कोणी किती सोसला याचा हिशेब मांडताना मालकांचे नुकसान कोटींत आणि कामगारांचे नुकसान पगाराच्या दिवसांत मोजले गेले. खाणावळीतील बुडालेली उधारी कोणत्याही अहवालात वेगळ्या रकान्यात आलेली नाही. सोबत ही केवळ भावना नसते; तिला तांदूळ, डाळ आणि रॉकेल लागते, आणि ते कोणाच्या तरी घरातून येते.

भोंगा थांबल्यानंतर

१९८९ मध्ये दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभी केली. इस्वलकर स्वतः मॉडर्न मिलमध्ये कामाला होते. आता लढा पगाराचा नव्हता, थकलेली देणी आणि जमीन यांचा होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करण्याची कल्पना मांडली : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित झाली. इमारतींखालची जमीन त्यातून सुटली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली. दरम्यान, १६ जानेवारी १९९७ रोजी डॉ. सामंतांची पवईत हत्या झाली होती. त्याच दशकात जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकाने संपानंतरच्या गिरणगावातील एक घर रंगमंचावर आणले. त्या घरातील एका मुलाला लेखक व्हायचे आहे, हा तपशील मला फार बोलका वाटतो. गिरणी बंद पडली तरी तिसरे स्वप्न घरात शिल्लक होते, फक्त त्याखालची जमीन गेली होती.

संघर्ष समितीच्या आणि अन्य संघटनांच्या दीर्घ पाठपुराव्यातून गिरणी कामगारांसाठी घरांची योजना आली आणि २०१२ मध्ये म्हाडाने पहिली मोठी सोडत काढली. लाखाहून अधिक कामगारांनी आणि त्यांच्या वारसांनी अर्ज केले. अर्ज करणाऱ्यांत कोकणात आणि घाटावर परत गेलेलेही होते. गावाची मंडळे पुन्हा जागी झाली. अर्ज भरणे, तीस वर्षांपूर्वीचे कागद शोधणे, मृत कामगाराच्या वारसांत समजूत घालणे ही कामे पुन्हा एकदा मुंबईतल्या खोलीशी संबंध असलेल्या जाणत्यांनी केली.

पात्रतेसाठी १ जानेवारी १९८२ ही तारीख आधारभूत धरण्यात आली. त्या दिवशी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर नाव असल्याचा पुरावा हवा. तिकीट नंबर, हजेरीचे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची नोंद, कामगार विम्याचे कार्ड यांपैकी काही तरी हवे. बदली कामगारांना असे कागद जमविताना किती यातायात करावी लागली, हे स्वतंत्र लेखाचा विषय ठरेल. ज्या स्त्रियांनी त्या पटावरील माणसांना जेवू घातले, त्यांना तिकीट नंबर कधीच नव्हता. त्यांच्याजवळ पुरावा म्हणून एकच कागद असू शकत होता : उधारीची वही. अशी एखादी वही लालबाग-परळच्या एखाद्या पोटमाळ्यावर अजून असेल, तर तिचे जतन एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने करावयास हवे.